बटणाला लागलेला मासा

मासेमारीच्या जुन्या व्हिडिओ गेमचे मूळ शोधणारे बहुतेक जण १९८० सालापाशी थांबतात. माझे म्हणणे, आणखी पंचावन्न वर्षे मागे जा. १९२५ साली अकाबोशी तेत्सुमा नावाच्या जपानी उद्योजकाने अमेरिकेतून ब्लॅक बास आणला आणि हाकोनेच्या डोंगरातल्या आशी तळ्यात सोडला. खायला बरा आणि गळाला लागला की झुंजणारा, एवढाच त्याचा हिशेब. तरी पडद्यावरचा मासा बटण दाबून ओढणाऱ्या पोरांचा मूळपुरुष मी त्यालाच मानतो.

या गृहस्थाची गाठ पडली ती आडवाटेनेच. आमचे डोंगरकडा कळमनुरी तालुक्यातले, केळीचे गाव. पैनगंगेवरचे इसापूर धरण आमच्या भागातले, आणि मराठवाड्यातल्या धरणांतला कोणता मासा मूळचा कुठला, हे शोधण्याचा मला नाद लागला होता. चिलापी आफ्रिकेची, भारतात आली १९५२ साली. सिप्रिनसची बँकॉकहून आलेली जात १९५७ ची, गवत्या आणि चंदेरा १९५९ चे. रोहू, कटला, मृगळ हे देशी खरे, पण गंगेच्या खोऱ्यातले. दख्खनच्या पाण्यात त्यांचे बीज माणसांनी सोडले. कोणी कोणता मासा कुठे सोडला, याच चौकशीत जपानचा बास निघाला, आणि त्याचे नाव मी आधी एका गेमच्या कॅसेटवर वाचलेले होते. हॉट-बी या कंपनीने १९८७ साली फॅमिकॉम या जपानी गेमयंत्रासाठी काढलेल्या खेळाचे नावच मुळी ‘द ब्लॅक बास’.

आता प्रतिपक्ष ऐकू. पहिला अटारीवाल्यांचा. १९८० साली ॲक्टिव्हिजनचा ‘फिशिंग डर्बी’ आला, डेव्हिड क्रेनने लिहिलेला. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी काढलेली ही कंपनी. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ विकणारी पहिली. अटारीच्या त्या यंत्राची स्मृती अवघी १२८ बाइट. तेवढ्यात क्रेनने दोन धक्क्यांवर समोरासमोर दोन गळवाले बसवले, खाली माशांच्या सहा रांगा पोहत्या ठेवल्या, जितका खोल मासा तितका वजनदार केला, आणि पृष्ठभागाशी एक शार्क फिरता ठेवला, जो वर येणारी शिकार गिळतो. आधी ९९ पौंड भरेल तो जिंकला. दोघांच्याही गळाला एकाच वेळी मासा असेल तर आधी अडकवणाऱ्यालाच गुंडाळायची मुभा, दुसऱ्याने वाट बघायची. फार चलाख खेळ आहे, आजही मजा येते. पण त्यात मासा म्हणजे नुसता गुण. त्याला भूक नाही, संशय नाही, ऋतू नाही. गळ त्याच्या तोंडाशी नेला की तो अडकतो. मला ही रस्सीखेच वाटते, जिच्यात दोरीच्या टोकाला योगायोगाने मासे आहेत. पोटजात म्हणा, पूर्वज म्हणू नका.

दुसरा पक्ष अधिक अवघड. जपानमध्ये १९७३ पासून दहा वर्षे यागुची ताकाओ यांची ‘त्सुरिकिची सानपेई’ ही चित्रकथा चालली. मासेमारीने झपाटलेला खेड्यातला पोरगा तिचा नायक. तिने एका पिढीला गळाचे वेड लावले, आणि तीच पिढी पुढे फॅमिकॉम घेऊन बसली. गिऱ्हाईक सानपेईने तयार केले, हे मला मान्यच आहे. पण गिऱ्हाईक आणि घाट या दोन वेगळ्या गोष्टी. खेळाचा घाट कुठून आला?

इथे गळाचे तंत्रच पाहावे लागते. आपल्याकडचा गळ म्हणजे गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, दोरीला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधायचा, पाण्यात टाकायचे आणि बसायचे. तुकडा बुडाला की ओढायचे. यात हाताला काम शेवटच्या दोन क्षणांचे; बाकीचा वेळ बिड्या आणि गप्पा. याचा व्हिडिओ गेम करायचा तर पडदा अर्धा तास स्तब्ध ठेवावा लागेल. ब्लॅक बास मात्र शिकारी मासा. तो हलत्या वस्तूवर झडप घालतो, म्हणून त्याच्यासाठी खोटे आमिष वापरतात, ज्याला ल्यूर म्हणतात: लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा मासा, बेडूक, किडा. हे आमिष नुसते पाण्यात पडून राहिले तर निरुपयोगी. ते ओढायचे, थांबवायचे, झटका द्यायचा, पुन्हा ओढायचे. जीव त्यात हाताने घालायचा. कोणत्या उन्हात कोणते आमिष, किती खोल, किती वेगाने, हे सगळे ठरवायचे. म्हणजे मासा लागण्याआधीच हात कामाला लागलेला. बटणांच्या यंत्राला याहून सोयीची मासेमारी कोणती? हॉट-बीच्या खेळात नेमके हेच आहे: आमिष निवडा, फेका, हलवत आणा, मासा लागला की दोर तुटू न देता ओढा.

आमिषाची मासेमारी जपानमध्ये १९७० च्या दशकात फोफावली ती बासच्या जोरावर, आणि बास तळ्यातळ्यांत पसरला तो तिच्या जोरावर. म्हणून माझा दावा असा, की आशी तळ्यात तो मासा सुटला नसता तर जपानी पोरे खेकडे, आयू मासे आणि कार्प यांच्यामागे लागली असती, आणि मासेमारीचा गेम अटारीच्या रस्सीखेचीपाशीच अडकला असता. आमिषाची मासेमारी बासशिवायही जपानला पोचली असती, असे कोणी म्हणेल. पोचली असतीही, पण घरोघर नव्हे.

सानपेईच्या कुळातला खेळ निघाला, नाही असे नाही. १९९० चा ‘कावा नो नुशी त्सुरी’, म्हणजे नदीचा धनी असलेल्या माशाची शिकार. त्यात नदीकाठची भटकंती आणि गोष्टच जास्त; याच मालिकेतल्या पुढच्या एका खेळात आजारी बहिणीसाठी तो मासा आणायचा असतो. ही मालिका काढणाऱ्या पॅक-इन-व्हिडिओ कंपनीनेच १९९६ साली शेतीचा प्रसिद्ध खेळ ‘हार्वेस्ट मून’ जपानमध्ये आणला. एकाच घरातून नदी निघाली आणि शेतही निघाले, हे आम्हा केळीवाल्यांना रुचण्यासारखे आहे. पुढे १९९७ मध्ये सेगाने ‘गेट बास’ला खरोखरची काठी आणि रीळ जोडले. नाव पाहा, पुन्हा बासच.

आमच्याकडे यातले काय आले? जवळजवळ काहीच नाही. नव्वदीत फॅमिकॉमच्या नकला मराठवाड्यात पोचल्या, तेव्हा आमचे गाव परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा. एका कॅसेटवर शेकडो खेळ लिहिलेले, उघडून पाहिले तर तेच दहा-बारा फिरून फिरून. त्यांत जागा छोट्या आणि वाचावे न लागणाऱ्या खेळांना. आमिषांच्या याद्या आणि जपानी अक्षरे घेऊन येणारा बास तिथे कसा टिकणार, हा माझा अंदाज. एक मासा मात्र हमखास यायचा: ‘बलून फाइट’मधला. पाण्याजवळ उतरलात की तो वर झेपावून तुम्हालाच खायचा. गळ नाही, आमिष नाही, आमिष आपणच.

जपानमध्ये बासचे कौतुक पुढे आटले. त्याने तळ्यांतले देशी मासे फस्त केले. बिवा सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला २००३ पासून बंदी आहे, आणि २००५ पासून परक्या जातींच्या कायद्यात त्याचे नाव आहे. त्याच्या जोडीचा ब्लूगिल १९६० साली खुद्द युवराज अकिहितो यांनी शिकागोच्या महापौरांची भेट म्हणून आणला होता; २००७ मध्ये सम्राट म्हणून त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. याच अकिहितोंनी १९६५ साली थायलंडच्या राजाला पन्नास चिलापी पाठवल्या आणि तिथे त्या लोकांचे रोजचे अन्न झाल्या. माणूस तोच, माशांच्या वाटा किती निराळ्या.

आपल्या पाण्यात बासच्या तोडीचा मासा आहे, आणि तो उपरा नाही. मरळ. हवा घ्यायला वर येते, शेवाळात दबा धरते, बेडकावर झडप घालते, खोट्या बेडकावरही. पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस थवा वर तरंगतो आणि आईबाप खालून राखण करतात. तेव्हा थव्याजवळ काहीही पडले तरी ती धावून येते. कोणी इसापूरवर गेम लिहायला बसलाच तर त्याने मरळ घ्यावी, चिलापीला माफक गुण द्यावेत, आणि पिल्लांवर असलेली मरळ धरणाऱ्याचे सगळे गुण शून्य करावेत.