निर्यात आणि आर्थिक वाढ : मुंबईच्या कापसाचा दाखला

निर्यात वाढली की अर्थव्यवस्था वाढते, हा सिद्धान्त मुंबईच्या इतिहासावर पारखून पाहण्याजोगा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांस जाणारा तेथील कापूस अडला आणि वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील कापसास अपूर्व भाव आला. युद्धकाळात मुंबईस सात ते आठ कोटी पौंडांची जादा प्राप्ती झाल्याचे अंदाज आहेत. परंतु ही प्राप्ती मुख्यतः भाववाढीची होती. उत्पादनक्षमतेत त्या मानाने भर पडली नव्हती. ‘निर्यात’ म्हणजे शब्दशः ‘बाहेर गेलेले’. मागे काय उरले, याविषयी तो शब्द मुका आहे. येथे मागे उरला तो सट्टा. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअराचा भाव पन्नास हजारांवर गेला. १८६५ साली युद्ध संपताच हा डोलारा कोसळला. १८६८ साली बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

विशेष हे की, १८५४ साली कावसजी दावर यांनी आरंभिलेल्या गिरणीधंद्यास ही तेजी मारकच ठरली, कारण कच्चा माल महागला. धंद्याचा खरा विस्तार १८७० नंतरचा. कापूस उतरला होता आणि मुंबईचे सूत चीनला जाऊ लागले होते. हीही निर्यातच, मात्र तिच्यापोटी यंत्रे, कोकणातून आलेल्या कामगारांची मजुरी आणि कातणीचे कौशल्य मुंबईतच राहिले. १८९० नंतर जपानी सुताने चीनची पेठ व्यापण्यास आरंभ केला, तेव्हा याच गिरण्या क्रमाने विणकामाकडे व देशी बाजाराकडे वळू शकल्या.