मॉरिस येथील जवाचें साल : आकड्यांच्या पोथ्यांची पाठचिकित्सा

जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांस सालाची अडचण नवीन नाहीं. पत्रावर चंद्र व महिना असतो, पण साल नसतें. असलें तर तें पुष्कळदां शुहूर सनाचें असतें. हा सन मृगारंभीं पालटत असल्यामुळें शकाशीं त्याचा मेळ घालतांना एका वर्षाची चूक सहज होते. अशी चूक एकदां छापील खंडांत शिरली म्हणजे पुढील लेखक ती विश्वासानें उचलतात आणि तिच्यावर अनुमानांचे इमले चढतात. प्रस्तुत लेखांत अशाच एका सालाच्या वादाची हकीकत सांगावयाची आहे. मात्र हें प्रकरण मोडी दफ्तरांतील नसून अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांताच्या जवाच्या पिकाचें आहे, आणि शंका काढणारें साधन भिंग नसून संख्याशास्त्राची एक संगणकभाषा आहे. तथापि त्यांत जो प्रश्न उपस्थित झाला तो आपल्या नित्याच्या प्रश्नाहून भिन्न नाहीं, म्हणून संग्राहक व संशोधक यांच्यापुढें तो मांडण्याचें योजिलें आहे.

(१) साधनाची वंशावळ

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन चेंबर्स, रिचर्ड बेकर व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं ‘एस’ नांवाच्या भाषेची रचना आरंभिली. संख्याशास्त्रज्ञास आपल्या सामग्रीशीं यंत्रद्वारां सरळ व्यवहार करतां यावा, हा तिचा हेतु होता. पुढें न्यूझीलंडांतील ऑक्लंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनीं तिच्याच वळणावर ‘आर’ ही भाषा रचली. १९९५ सालीं ती ग्नू परवान्यानें सर्वांस खुली झाली व २९ फेब्रुवारी २००० रोजीं तिची १.०.० ही आवृत्ति निघाली. या भाषेंत एक ओळीची आज्ञा दिली असतां शेंकडों आकड्यांची सरासरी निघते, किंवा त्यांचा आलेख उमटतो.

आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, आज्ञांबरोबर कित्येक प्रसिद्ध प्रयोगांचे मूळ आकडेहि तक्त्यांच्या रूपानें या भाषेबरोबर दिले जातात. हे तक्ते म्हणजे एका संग्रहांतील पोथ्याच समजाव्या. प्रत्येकीची मूळ प्रत कोठेंतरी आहे, मध्यें नकलाकार झाले आहेत, आणि नकलेबरोबर पाठभेदहि आले आहेत.

(२) मूळ लेख

१९३४ सालीं इमर, हेज व पॉवर्स या तिघांनीं अमेरिकेंतील सस्यशास्त्रविषयक एका नियतकालिकांत जवाच्या वाणांसंबंधीं लेख प्रसिद्ध केला. सेंट पॉल येथील विद्यापीठाचें शेत आणि वसीका, मॉरिस, क्रुक्स्टन, ग्रँड रॅपिड्स व डलूथ या सहा ठिकाणीं दहा वाण पेरले होते. प्रत्येक तुकडा एकराच्या चाळिसाव्या हिश्शाचा होता. दर ठिकाणीं प्रत्येक वाणाचे तीन तुकडे, आणि प्रयोग १९३१ व १९३२ या दोन सालीं. म्हणजे एकंदर ३६० तुकड्यांचें उत्पन्न मोजलें गेलें. तें दर एकरीं किती बुशेल पडतें या हिशेबानें मांडलें आहे. दोन सालीं जमीन मात्र निरनिराळी होती.

सुप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनीं यांतील पांच वाणांचे आकडे आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथांत घेतले. तो ग्रंथ प्रथम १९३५ सालीं निघाला व त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या झाल्या. त्यामुळें हे आकडे संख्याशास्त्राच्या अभ्यासकांच्या नित्य परिचयाचे झाले. फिशरसारख्याच्या हातून गेलेल्या आकड्यांविषयीं संशय कोण घेणार?

(३) आलेख व शंका

१९९३ सालीं बेल प्रयोगशाळेंतील विल्यम क्लीव्हलँड यांनीं आलेखशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत हेच आकडे नव्या रीतीनें मांडले. ही रीत त्याच प्रयोगशाळेंत ‘एस’ भाषेंत बसविली गेली. पुढें दीपायन सरकार या भारतीय संख्याशास्त्रज्ञानें ‘लॅटिस’ या नांवानें ती ‘आर’मध्यें आणिली व २००८ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. रीत साधी आहे. सहा ठिकाणांच्या सहा चौकटी एकाखालीं एक, सर्वांस माप एकच. प्रत्येक चौकटींत दहा वाणांच्या दहा ओळी. ओळींवर दोन ठिपके, एक १९३१ चा व एक १९३२ चा. वाण व ठिकाणें अकारविल्हे न लावतां उत्पन्नाच्या मध्यकाच्या क्रमानें लावावयाचीं. हा क्रमच या रीतीचा प्राण आहे. नांवाच्या क्रमानें लावलेले ठिपके विखुरलेले दिसतात. उत्पन्नाच्या क्रमानें लावले असतां त्यांस वळण येतें, आणि त्या वळणाबाहेर जें असेल तें आपोआप डोळ्यांत भरतें.

तसेंच झालें. पांच ठिकाणीं एकंदरींत पाहतां १९३१ चें पीक १९३२ च्या पिकाहून सरस दिसलें. मॉरिसच्या चौकटींत मात्र उलट : तेथें दहाही वाणांत १९३२ चा ठिपका पुढें आणि १९३१ चा मागें. मँचुरिया नांवाचा वाण घ्या. वसीका येथें तो १९३१ सालीं ४८.८७ बुशेल आणि १९३२ सालीं ३३.४७ बुशेल पिकला, म्हणजे उतरला. मॉरिस येथें तोच २७.४३ वरून ३४.३७ वर चढला. क्लीव्हलँड यांनीं तर्क केला कीं, मॉरिसचीं दोन सालें परस्परांच्या जागीं पडलीं असावींत. तीं उलटवून पाहिलीं तर मॉरिसचा आलेख इतर पांचांशीं जुळतो. जवळजवळ साठ वर्षें जे आकडे अनेक जाणत्यांच्या नजरेखालून गेले, त्यांतील हें वैषम्य केवळ मांडणी बदलल्यानें उघड झालें. ही गोष्ट इतकी चित्तवेधक ठरली कीं, पुढें चांगल्या आलेखाचें सामर्थ्य दाखवितांना तिचें उदाहरण वारंवार देण्यांत येऊं लागलें.

(४) तर्काची परीक्षा

येथपर्यंतची हकीकत विजयाची आहे. परंतु पाठचिकित्सकाचें काम येथूनच सुरू होतें. सालांची अदलाबदल झाली हा तर्क आहे. त्यास पुरावा काय?

प्रथम अंतर्गत पुरावा पाहूं. मूळ लेखांतच सालाविषयीं एक गोंधळ आहे. एके ठिकाणीं प्रयोग १९३० व १९३१ सालचा म्हटला असून अन्यत्र वारंवार १९३१ व १९३२ असा उल्लेख आहे, आणि पुढील लेखकांनीं हा गोंधळ चालूच ठेविला. यावरून मूळ लेखकांचा हात सालाच्या बाबतींत अगदीं निर्दोष नव्हता एवढें सिद्ध होतें. परंतु एका जागचें सामान्य स्खलन व एकाच ठिकाणच्या साठ तुकड्यांच्या सालांची अदलाबदल या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरें, प्रतींची साक्ष. ‘आर’च्या संग्रहांत या प्रयोगाच्या दोन पोथ्या आहेत. एकींत पूर्ण दहा वाण असून १२० आकडे आहेत. दुसरींत पांचच वाण असून ३० ओळी आहेत. पहिलींत मँचुरियाचा वसीका येथील १९३१ चा आकडा ४८.८६६६७ आहे, तर दुसरींत तोच १४६.६ आहे. नवशिक्यास हा मोठा पाठभेद वाटेल. वस्तुतः १४६.६ ही तीन तुकड्यांची बेरीज व ४८.८६६६७ ही तिची सरासरी होय. पहिल्या पोथींतील ही लांबलचक शेपटी मोजणीची सूक्ष्मता दाखवीत नाहीं. तीन या संख्येनें भागिल्याची ती खूण आहे. तिनें पुनः गुणिलें कीं दशमानाचें एकच स्थळ उरतें, म्हणजे शेतावरील टिपण किती सूक्ष्म होतें हेंहि कळतें. लेखणीच्या वळणावरून नकलाकार ओळखावा, तसाच हा प्रकार आहे.

दोन्ही पोथ्यांत मॉरिसचीं सालें सारखींच आहेत. पण म्हणून दोन साक्षी मिळाल्या असें समजूं नये. दोहोंची मातृका एकच, ती १९३४ चा लेख. एका आईच्या दोन नकला परस्परांस दुजोरा देतात त्याची किंमत शून्य. मातृकेंत चूक असेल तर ती दोहोंतहि उतरणारच. स्वतंत्र साक्ष पाहिजे असेल तर मातृकेच्या बाहेर जाणें प्राप्त आहे.

तें काम केविन राइट यांनीं केलें व २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. मिनेसोटांतील याच शेतांचे १९२७ ते १९३६ या काळांतील जवाचे आकडे व हवामानाची माहिती मिळवून त्यांनीं १९३१–३२ चे आकडे त्या दीर्घ मालिकेंत ठेवून पाहिले. तेव्हां असें दिसलें कीं, एक ठिकाण वर जावें व दुसरें त्याच सालीं खालीं यावें, असे चढउतार या शेतांवर अपूर्व नाहींत. दोनच सालांच्या पडद्यावर जें विपरीत दिसत होतें तें दहा सालांच्या पडद्यावर सामान्य ठरतें. अर्थात् मॉरिसचे आकडे चुकले असलेच पाहिजेत, या मताचा पाया ढासळला.

(५) सिद्ध झालेली चूक

याच्या उलट, चूक निर्विवाद सिद्ध झाल्याचेंहि एक उदाहरण आहे. एडगर अँडरसन यांनीं आयरिस जातीच्या फुलांचीं मापें घेतलीं. त्यांतील तीन जातींच्या प्रत्येकीं ५० फुलांचीं मापें फिशर यांनीं १९३६ सालीं छापिलीं. हा तक्ता ‘आर’मध्यें आहेच, शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील सामग्रीसंग्रहांतूनहि तो जगभर पसरला. दोहोंचें मीलन केलें असतां पस्तिसाव्या व अडतिसाव्या फुलांचे पाठ जुळत नाहींत. पस्तिसाव्याचें शेवटचें माप फिशर यांच्या छापील लेखांत ०.२ आहे, अर्व्हाइनच्या प्रतींत ०.१, अडतिसाव्याचीं मधलीं दोन मापें मुळांत ३.६ व १.४, तर त्या प्रतींत ३.१ व १.५. येथें मूळ लेख समोर असल्यामुळें निर्णयास अडचण नाहीं : अर्व्हाइनची प्रत अशुद्ध, ‘आर’ची शुद्ध. येथें आलेखाचा उपयोग नव्हता. एवढा बारीक फरक ठिपक्यांच्या गर्दींत दिसत नाहीं. तो ओळीशीं ओळ ताडून पाहणारासच सांपडतो.

(६) यंत्राचा हस्तदोष

नकलाकार निर्दोष असला तरी गणित करणारें यंत्र निर्दोष असतें असें नाहीं. जेम्स लॉंगले यांनीं १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे अमेरिकेंतील रोजगार, लोकसंख्या, राष्ट्रीय उत्पन्न इत्यादींचे आकडे घेऊन त्यांचें गणित हातानें केलें व तत्कालीन संगणकांच्या उत्तरांशीं ताडून १९६७ सालीं निकाल छापिला. यंत्रांचीं उत्तरें एकमेकांशींहि जुळेनात. कारण उघड होतें. यांतील बहुतेक आकडे वर्षानुवर्षें बरोबरीनें वाढतात. त्यांचे वर्ग करून जवळजवळ सारख्या अशा मोठ्या संख्या वजा कराव्या लागल्या म्हणजे पुढचे खरे अंक उडून जातात व मागचे भ्रष्ट अंक उरतात. ‘आर’ भाषा हें गणित वर्ग न करतां दुसऱ्या रीतीनें करिते, म्हणून तिचें उत्तर टिकतें. लॉंगले यांचा तक्ताहि तिनें कसोटी म्हणून जवळ ठेविला आहे. तरीहि तिला ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ बरोबर आहे काय, असें विचारिलें तर ती ‘नाहीं’ म्हणते. यंत्र द्विमान पद्धतीनें अंक ठेवितें व त्या पद्धतींत हे अपूर्णांक नेमके मावत नाहींत. पडद्यावर सातच सार्थ अंक दाखविण्याचा तिचा प्रघात असल्यामुळें हा दोष झांकला जातो इतकेंच.

(७) उपसंहार

या तीन प्रकरणांवरून निघणारा नियम आपल्या परिचयाचाच आहे. आलेख शंका उत्पन्न करितो, निर्णय देत नाहीं. प्रतींचें मीलन पाठभेद दाखवितें. पण त्या प्रती स्वतंत्र असतील तरच त्यांची साक्ष धरावी. गणित यंत्रानें केलें म्हणून तपासणी टळत नाहीं.

मॉरिसच्या जवाचें पुढें काय झालें? ‘आर’च्या संग्रहांत तो तक्ता मूळ लेखाप्रमाणेंच ठेविला आहे, सालें उलटविलेलीं नाहींत. तक्त्याबरोबरच्या टिपणांत मूळ लेखांतील सालांचा गोंधळ व क्लीव्हलँड यांची शंका हीं दोन्ही नमूद आहेत. एखाद्या उत्साही संपादकानें १९९३ सालींच सालें ‘दुरुस्त’ करून टाकलीं असतीं, तर २०१३ सालीं परीक्षेस मूळ पाठ राहिला नसता, आणि कदाचित् खऱ्या आकड्यांच्या जागीं कल्पित आकडे कायमचे बसले असते. आपल्या खंडांतील कित्येक पत्रांचीं सालें संपादकांनीं तर्कानें मांडिलीं आहेत. त्यांपैकीं किती ठिकाणीं मूळ पाठ वर ठेवून तर्क खालीं टिपेंत दिला आहे, याची पाहणी संग्राहकांनीं आपापल्या दफ्तरांपासून सुरू करावी, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.