मांजर असलेल्या घरासाठी रोबो व्हॅक्यूम: घेण्याआधी काय बघावे?

रोबो व्हॅक्यूम म्हणजे आपोआप फिरून फरशी झाडणारे चपटे, गोल यंत्र. अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीने 'रूम्बा' 2002 मध्ये बाजारात आणला. आता शाओमी, इकोवॅक्स, युरेका फोर्ब्स यांचे रोबो भारतात ऑनलाइन मिळतात. शिरूर अनंतपाळसारख्या गावात मागवण्याआधी खालील गोष्टी तपासा.

तहारत
मांजर नापाक नाही, हे हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या हदीसमध्ये (अबू दाऊद, तिर्मिझी) आले आहे. हनफी मसलकात तिचे केसही पाक आहेत. शाफई मंडळींनी आपल्या आलिमांना विचारावे. विष्ठा आणि लघवी मात्र नापाक. रोबो त्यावरून गेला तर चाके, ब्रश आणि पोछा ती घाण घरभर फासतात, आणि तिथेच आपण जानमाज अंथरतो. म्हणून मांजराच्या घरात हा मुद्दा सर्वात आधी बघा.

कॅमेरा की लेझर?
लेझरवाला रोबो खोलीचा नकाशा चांगला काढतो, पण फरशीवरची बारीक वस्तू त्याला सहसा दिसत नाही. विष्ठा ओळखून टाळायची तर पुढे कॅमेरा असलेले मॉडेल लागते. आयरोबोटने 2021 मध्ये 'जे7 प्लस' याच गुणावर विकायला काढला. तरी पूर्ण भरवसा ठेवू नका. घरी कुणी नसताना रोबो चालवू नका, आणि सुरू करण्याआधी खोलीत एक नजर टाका.

ब्रश आणि फिल्टर
दाट केसांच्या ब्रशमध्ये मांजराचे केस गुंततात. रबरी ब्रश घ्या. घरात दमा किंवा अ‍ॅलर्जीचा पेशंट असेल तर हेपा फिल्टर हवाच. केसांमुळे डबा लवकर भरतो, तो रोज रिकामा करा.

पोछा
पोछा काढून ठेवता येतो ना, ते बघा. आधी कोरडे झाडून घ्या, फरशी स्वच्छ आहे याची खात्री करा, मगच पोछा लावा. ओले काही रोबोने ओढू नये, मोटर खराब होते.

आपली घरे
बहुतेक रोबो दोन सेंटिमीटरच्या आसपास उंचीच चढतात. जुन्या घरातला उंबरठा त्याला जमत नाही. प्रत्येक खोलीत उचलून ठेवावा लागेल. शहाबादी फरशीच्या फटीत धूळ राहते, तिथे झाडू लागेलच. जानमाज आणि सतरंजीच्या झालरी ब्रशमध्ये अडकतात, त्या आधी उचला. पलंगाखालची जागा मोजा. दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर अनेक मॉडेल आत जात नाहीत. शेळ्या बांधलेल्या अंगणात हे यंत्र सोडू नका.

वायफाय आणि दुरुस्ती
बरेच रोबो फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. सर्व्हिस सेंटर लातूरला आहे की पुणे-हैदराबादला, ब्रश-फिल्टर सुटे मिळतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

दोन छोट्या खोल्या आणि उंच उंबरठे असतील तर चांगला झाडू आणि हातातला व्हॅक्यूम पुरेसा आहे. सपाट फरशीचे मोठे घर असेल आणि केस रोज पडत असतील, तर रोबोचा खर्च सार्थकी लागतो.