हुतुतूचा दम

परळच्या एका शाळेत कविता वाचायला गेलो होतो. सहज विचारलं, कबड्डी कुणाला माहीत आहे? सगळे हात वर. खेळलंय कोण? चार हात. आट्यापाट्या हा तर मुलांना खाण्याचा पदार्थ वाटला!

ओळख वाढली, हे खरं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले देशी खेळ जगाला दाखवले. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. 2014 पासून प्रो कबड्डी घरोघरी दिसते. तिथे चढाईला 30 सेकंदांचं घड्याळ असतं. आमच्या गिरणगावात घड्याळ म्हणजे पंचाचा कान. दम तुटला की गडी बाद.

आमचे वडीलधारे हुतुतूच म्हणत. अब्बा साचाखात्यात होते. कापसाच्या धुळीने त्यांचा दम खाल्ला होता, तरी मैदानाच्या कडेला बसून ते माझा श्वास मोजायचे. 1982 चा संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, टॉवर आले. पुरुषांच्या कबड्डीला 13 बाय 10 मीटर जागा पुरते. आमच्या चाळीपुढे तेवढ्या जागेत आता गाड्या उभ्या असतात. मुलांना कसला दोष द्यायचा?

त्या दिवशी कविता बाजूला ठेवली. म्हटलं, एका दमात हुतुतू म्हणा. पंधराएक सेकंदांत बहुतेक गळाले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणतच राहिली. मी नकळत बोटांवर मोजू लागलो.