सर्व्हरचा ‘पॅच’ : घाई नको, दिरंगाईही नको

बँक, विद्यापीठ अथवा कारखान्याचे मोठे सॉफ्टवेअर ज्या प्रणालीवर चालते, तिला ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ म्हणतात. तिच्यातील एखादाच दोष दूर करणारी दुरुस्ती म्हणजे सुटा ‘पॅच’. अमरावती-अकोल्यात निकाल वा प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हर बंद ठेवणे कोणत्याही संस्थेला जड जाते. मात्र, दुरुस्ती लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरते.

ओरॅकल कंपनीने ऑक्टोबर २०२० मधील नियमित दुरुस्ती संचात ‘वेबलॉजिक’ सर्व्हरचा एक गंभीर दोष दूर केला. या दोषामुळे पासवर्डविना दुरूनच सर्व्हरचा ताबा घेणे शक्य होते. त्याच्याशी निगडित दुसऱ्या दोषासाठी १ नोव्हेंबर रोजी स्वतंत्र पॅच द्यावा लागला. संच बसवून निश्चिंत झालेल्यांनाही पुन्हा कामाला लागावे लागले.

पॅच अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. तो आपल्या आवृत्तीचा आहे याची खात्री करून आधी चाचणी सर्व्हरवर बसवावा. वेबलॉजिकच्या ‘ओपॅच’ या साधनाने जुन्या पॅचशी विसंगती आहे का, हे तपासता येते. त्यानंतर बॅकअप घेऊन, सर्व्हर थांबवून पॅच बसवावा आणि यादीत त्याची नोंद झाल्याचे पाहावे. बिघाड झाल्यास तो काढूनही टाकता येतो.

जून २०१७ मध्ये ‘नोटपेट्या’ हल्ल्याने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. या व्हायरसने फैलावासाठी वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवरील पॅच मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. पॅच निघणे आणि तो बसणे, यांतील अंतर हाच खरा धोका आहे.