दलेशित्से : धरण, धुराडे आणि जावळ

नकाशावर गाव असणे आणि गावाला स्वतःची ओळख असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या शासकीय सेवेची बरीच वर्षे महसूल खात्यात भूसंपादनाचे कागद हाताळण्यात गेली. प्रकल्पासाठी गाव उठते तेव्हा त्याच्या जमिनीची मोजणी होते, घरांचे मूल्यांकन होते, झाडेही मोजली जातात. पण त्या गावाच्या हाताला जे काम पिढ्यान्‌पिढ्या सवयीचे असते, त्याच्यासाठी तक्त्यात रकाना नसतो. ही उणीव आम्हांला सेवेत असतानाही जाणवत असे. निवृत्तीनंतर एका चेक चित्रपटाच्या निमित्ताने दलेशित्से या गावाची माहिती मिळवू लागलो आणि तिची पुन्हा तीव्रतेने आठवण झाली.

दलेशित्से हे मोराविया प्रांतातील, ब्रनो शहराच्या पश्चिमेस आणि त्रेबीच या जुन्या नगराच्या आग्नेयेस वसलेले लहानसे गाव. आज हा भाग विसोचिना प्रदेशात मोडतो. विसोचिना म्हणजे उंचवट्याचा मुलूख. बोहेमिया आणि मोराविया यांच्या सीमेवरील या डोंगराळ पठाराच्या पूर्व उतारावरून यिहलावा नदी खोल, वळणावळणाचे खोरे कोरीत पूर्वेकडे जाते. जवळच मोहेल्नो येथे सर्पेंटाइन खडकाचा एक उजाड उतार आहे. त्याच्या विचित्र मातीत वनस्पती खुरटतात, आणि इतरत्र सहसा न आढळणाऱ्या जाती तेथे तग धरून राहतात. १९३३ पासून ते संरक्षित क्षेत्र आहे.

अशा खेड्यात बिअरचा कारखाना का असावा, याचे उत्तर जमिनीत जितके आहे तितकेच हक्कांच्या इतिहासात आहे. मध्ययुगात बिअर गाळण्याचा हक्क हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. राजाश्रय लाभलेली नगरे तो हक्क जिवापाड जपत. आपल्या वेशीपासून मैलभर अंतरात इतर कोणी बिअर गाळू नये, असा विशेषाधिकार अनेक नगरांनी मिळवला होता. पुढे सरदार-जमीनदारांनीही आपापल्या जहागिरीत ब्रुअऱ्या उभारल्या आणि जहागिरीतल्या गुत्त्यांनी धन्याचीच बिअर घ्यावी, असा दंडक घातला. दलेशित्सेची ब्रुअरी याच जातीची, जहागिरीची. सतराव्या शतकाच्या आरंभी तिचा उल्लेख सापडतो. चेक प्रदेशातील ही मक्तेदारी १८६९ मध्ये कायद्याने संपली. तेव्हापासून धन्याच्या ब्रुअरीलाही खुल्या बाजारात उभे राहावे लागले.

या व्यवसायाची रीत सांगण्यासारखी आहे. सातू भिजवून मोड आणायचा आणि तो भट्टीत वाळवला की माल्ट होतो. माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवला की गोड काढा उतरतो. त्यात हॉप्सच्या वेलीची कडवट फुले घालून उकळायचे, थंड करायचे आणि यीस्टच्या हवाली करायचे. त्यानंतर थंड तळघरात कित्येक आठवडे धीर धरायचा. चेक लोक बिअरला ‘दहाची’, ‘बाराची’ म्हणतात. तो आकडा मद्यार्काचा नसतो. आंबण्यापूर्वीच्या काढ्यात किती टक्के अर्क होता, ते तो सांगतो. ही मोजणी प्रागचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग यांनी १८४३ च्या सुमारास रूढ केली. त्याच्या आदल्याच वर्षी पिल्सेन नगरात योसेफ ग्रोल याने सोनेरी रंगाची बिअर गाळली आणि साऱ्या जगाची रुची पालटली. त्या लाटेत बर्फ, वाफ आणि रेल्वे ज्यांना परवडली, ते कारखाने मोठे होत गेले. लहान ब्रुअऱ्या एकामागून एक विझू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ ते १९४८ या काळात, हा उद्योग टप्प्याटप्प्याने सरकारी मालकीचा झाला. नियोजनाच्या हिशेबात खेड्यातला कारखाना म्हणजे नुसता खर्च ठरे.

दलेशित्सेची ब्रुअरी १९७७ मध्ये बंद पडली. नेमक्या त्याच दशकात गावाचे नाव मात्र फार मोठे झाले. १९७० ते १९७८ या काळात यिहलावेवर सुमारे १०० मीटर उंचीचे दगडी भरावाचे धरण बांधले गेले आणि त्याला दलेशित्सेचे नाव मिळाले. या धरणाला जोडून उदंचन जलविद्युत केंद्र उभे राहिले. त्याच्या खालच्या मोहेल्नो जलाशयातले पाणी दुकोवानी येथील अणुवीज केंद्राला पुरवण्याची योजना झाली. त्या केंद्राच्या चार अणुभट्ट्या १९८५ ते १९८७ या काळात सुरू झाल्या. या केंद्रासाठी स्क्रिये, लिपन्यानी आणि हेर्झमानित्से ही तीन गावे उठवण्यात आली. घरे पाडली गेली. लहानशी प्रार्थनामंदिरे तेवढी उभी राहिली. भूसंपादनाच्या कामात ज्याने उमेद घालवली, त्याला यावर वेगळे भाष्य करण्याची गरज वाटत नाही. वीज हवी होती, हे खरे. आणि तीन गावे गेली, हेही तितकेच खरे.

ओस पडलेल्या ब्रुअरीचे नशीब मात्र वेगळे निघाले. १९८० मध्ये दिग्दर्शक यिर्झी मेन्झेल यांनी तेथे ‘पोस्त्रिझिनी’ या चित्रपटाचे चित्रीकरण केले. मूळ कादंबरी बोहुमिल ह्राबाल यांची, १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली. ह्राबाल जन्माने ब्रनोचे. बालपण ब्रुअरीच्या आवारात गेलेले, आधी पोल्ना येथे आणि मग निंबुर्क नगरात, कारण त्यांचे वडील त्या कारखान्यात नोकरीला होते. कथा निंबुर्कच्या ब्रुअरीची, पण पडद्यावर दिसते ती दलेशित्सेची. ‘पोस्त्रिझिनी’ हा शब्द आम्हांला विशेष भावला. मुलाचे केस प्रथम कापण्याच्या प्राचीन स्लाव विधीचे ते नाव. आपण ज्याला जावळ म्हणतो, तेच. कथेत नवे युग येते ते सारे काही आखूड करीत: रेडिओने अंतर आखूड होते, झगे आखूड होतात आणि शेवटी नायिकेचे प्रसिद्ध लांब केसही कात्रीखाली जातात. ज्या वास्तूत हे चित्रित झाले, तिच्या आयुष्यावरही काळाची कात्री नुकतीच चालून गेली होती.

पण जावळ काढल्यावर केस पुन्हा येतात. राजवट बदलली, मालकी बदलली आणि २००२ मध्ये दुरुस्त केलेल्या त्या इमारतीत बिअर पुन्हा गाळली जाऊ लागली. शेजारी ऑस्ट्रो-हंगेरियन काळातील बिअरनिर्मितीचे संग्रहालयही मांडले गेले. चित्रपट पाहून लोक तेथे येऊ लागले. दुसऱ्या गावाचे सोंग वठवताना या गावाला आपला चेहरा परत मिळाला, असेच म्हणावे लागेल.

यात आम्हांला कोणताही चमत्कार दिसत नाही. ती वास्तू पाडली गेली नाही, म्हणूनच चित्रपटाला ती सापडली; चित्रपट झाला, म्हणून लोकांना तिची आठवण राहिली; आणि आठवण राहिली, म्हणून कोणाला तरी तेथे पुन्हा भट्टी पेटवावीशी वाटली. या साखळीची पहिली कडी सर्वांत साधी होती: निरुपयोगी ठरलेली एक इमारत काही वर्षे तशीच उभी राहू देणे. शेजारच्या तीन गावांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. सेवेत असताना मूल्यांकनाच्या अनेक तक्त्यांवर आम्ही सह्या केल्या. त्यांत ‘पडीक वास्तू, मूल्य नगण्य’ असा शेरा कितीदा मारला असेल, याची आज मोजदाद करवत नाही.