‘विस्टली’: एका नजरेचा इतिहास

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द सेकंड’मधला पाचव्या अंकाचा चौथा प्रवेश जेमतेम दहा-बारा ओळींचा. कॉलेजात शिकवताना मी तो कधी घाईने उरकला नाही. ‘विस्टली’ या आता इंग्रजीतून गेलेल्या क्रियाविशेषणावर तिथे एका राजाचा जीव टांगलेला आहे.

एक्स्टन हा सरदार आपल्या नोकराला सांगतो, की ‘या भीतीतून मला सोडवणारा कोणी मित्र नाही का’ अशा अर्थाचे काही नवा राजा हेन्री बोलला, आणि बोलताना त्याने माझ्याकडे ‘विस्टली’ पाहिले. म्हणजे लक्षपूर्वक, टक लावून. तेवढ्यावरून एक्स्टन पॉम्फ्रेटच्या किल्ल्यात जातो आणि पदच्युत रिचर्डला ठार करतो.

हा प्रसंग शेक्सपिअरने आधाराला घेतलेल्या होलिनशेडच्या बखरीतला. तिथे हेन्री जेवायला बसला असताना उसासा टाकून बोलतो. शेक्सपिअरने उसाशाच्या जागी नजर आणली. उसासा सगळ्या पंगतीला ऐकू जातो. रोखलेली नजर ज्याच्यावर रोखली त्यालाच कळते. म्हणूनच शेवटच्या प्रवेशात हेन्रीला दोन्ही डगरींवर पाय ठेवता येतो: रिचर्ड मरावा असे वाटत होते हे तो कबूल करतो आणि मारेकऱ्याला मात्र दूर लोटतो.

‘विस्टली’ हा शब्द शेक्सपिअरच्या 1593च्या ‘व्हीनस अँड अ‍ॅडोनिस’मध्ये आहे, 1594च्या ‘ल्युक्रीस’मध्येही आहे. त्याचे मूळ बहुधा ‘व्हिस्ट’ म्हणजे गप्प, निःशब्द, या शब्दात असावे. सतराव्या शतकात ‘विस्टफुल’ आला. त्याचाही पहिला अर्थ लक्ष एकवटलेला असाच होता. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755च्या कोशातही एकाग्र, विचारमग्न असेच अर्थ दिले आहेत. पण ‘विश’ म्हणजे इच्छा, या शब्दाशी असलेल्या साम्यामुळे त्यात हुरहूर मिसळत गेली आणि शेवटी तोच अर्थ उरला. ‘विस्टली’ मागे पडला.

आजचा विद्यार्थी या ओळीपाशी आला, की त्याला ओळखीचा ‘विस्टफुल’ आठवतो आणि हेन्रीच्या डोळ्यांत उदासी दिसू लागते. मग खुनाचा हुकूम कुठून सुटला हेच हरवते. ती नजर समोरचा माणूस कामाचा आहे का, हे जोखणारी आहे. हे नाटक वाचाल तेव्हा या शब्दापाशी थांबा आणि त्याला त्याचा जुना अर्थ द्या.